फुलोऱ्यापूर्वीचे सहा आठवडे

वसतिगृहाच्या मागील बाजूस, जुन्या आंब्याच्या सावलीत मधपेट्यांची जी ओळ आहे, ती आमच्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. पालकसभेच्या दिवशी त्या पेट्यांपाशी एक प्रश्न हमखास विचारला जातो: ज्या माश्या स्वतः मध करतात, त्यांना साखर कशासाठी खाऊ घालायची? प्रश्न रास्त आहे. त्यात थोडा संशयही मिसळलेला असतो, आणि आमचा मध विकत नेणाऱ्याच्या मनात तो असायलाच हवा. पेट्यांजवळ उभ्या उभ्या त्याचे पुरते उत्तर देता येत नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने ते सविस्तर मांडत आहोत.

खाद्य देण्याची ही रीत पुस्तकांतून आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः थंड प्रदेशांतून, तेव्हा आरंभ तेथूनच केलेला बरा. कडाक्याच्या थंडीत मधमाश्या झोपी जात नाहीत. पोळ्यांच्या मधोमध एकमेकींना बिलगून त्या एक गोळा करतात, उडण्याचे स्नायू थरथरवून ऊब निर्माण करतात, आणि उन्हाळ्यात साठवलेला मध हेच त्या शेकोटीचे सरपण असते. पोळ्यात पिले नसतात तोवर हे सरपण काटकसरीने पुरते. पण दिवस मोठे होऊ लागले की बाहेर अजून बर्फ असतानाच राणी पुन्हा अंडी घालू लागते. वाढत्या पिलांना ३४ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते आणि ते रात्रंदिवस टिकवावे लागते. मधाचा खर्च एकाएकी वाढतो, आणि आत येणारे तर काहीच नसते. त्यामुळे उपासमारीने वसाहती मरतात त्या बहुधा भर हिवाळ्यात नव्हे. तो सरत आला असता, वसंत उंबरठ्यावर असता मरतात. अशी पेटी उघडली तर माश्या रिकाम्या घरांत डोकी खुपसून मेलेल्या दिसतात. कधी कधी चार बोटांच्या अंतरावर मधाने भरलेली घरेही असतात. पण थंडीत गोळा मोडून तेथवर जाणे त्यांना साधलेले नसते.

या काळात दिल्या जाणाऱ्या खाद्याचे दोन हेतू असतात आणि त्यांची गल्लत करणे हीच नवशिक्याची पहिली चूक. एक हेतू जीव वाचवण्याचा. त्यासाठी थंड मुलखात साखरेची घट्ट वडी गोळ्याच्या अगदी डोक्यावर ठेवतात. पातळ पाक देत नाहीत, कारण त्यातील पाणी उडवणे थंडीत माश्यांना जड जाते आणि पेटीत ओल वाढते. दुसरा हेतू वाढ घडवण्याचा. हवा उबदार होऊन माश्या बाहेर उडू लागल्या की समभाग साखर-पाण्याचा पातळ पाक थोडा थोडा देतात. रोज थोडा गोडवा आत येत आहे याचा अर्थ माश्यांच्या लेखी एकच असतो, मकरंद सुरू झाला. दाया माश्या राणीला अधिक खाऊ घालतात आणि राणी अधिक अंडी घालते. या उत्तेजक खाद्याविषयी जाणकारांत एकमत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. ज्या पेटीत मध आणि पराग दोन्ही मुबलक आहेत, तेथे पाकाने फारसे काही साधत नाही, असे मानणारे पुष्कळ आहेत आणि आमचा अनुभवही त्याच बाजूचा आहे. खाद्य हे उणीव भरून काढण्यासाठी असते. जेथे उणीव नाही, तेथे तो खर्च आहे.

आता मुख्य गणित. युरोपीय मधमाशीच्या अंड्यापासून कामकरी माशी बाहेर यायला २१ दिवस लागतात: ३ दिवस अंडे, ६ दिवस अळी आणि १२ दिवस झाकलेल्या घरातील कोश. आपल्या सातेरीला याहून एखाद-दोन दिवस कमी लागतात. पण बाहेर आलेली माशी लगेच फुलांवर जात नाही. पहिले सुमारे तीन आठवडे ती घरातच राबते. घरे स्वच्छ करते, पिलांना भरवते, मेण घडवते, दाराशी पहारा देते. म्हणजे आज घातलेले अंडे फुलावर पोहोचते ते साधारण सहा आठवड्यांनी. ज्या झाडाचा मध हवा, त्याचा बहर केव्हा लागेल ते पाहायचे आणि तेथून सहा आठवडे मागे मोजायचे. हा हिशेब आठवीच्या विद्यार्थ्यालाही जमतो. आम्हांला मात्र तो एक अख्खा हंगाम जमला नाही.

झाले असे, की आमच्या हाती असलेले पुस्तक थंड देशात लिहिलेले होते. मार्च सरताना पाक सुरू करावा, असे त्यात होते आणि आम्ही ते अक्षरशः पाळले. आमच्या शिवारात जांभूळ फुलते फाल्गुन-चैत्रात. आम्ही पाक देऊ लागलो तेव्हा ओढ्याकाठची जांभळे पांढरी झाली होती आणि माश्या आमच्या पाकाकडे ढुंकूनही पाहत नव्हत्या. मोहोर सरल्यावर त्यांनी पाक घेतला, पिले वाढवली, आणि मेअखेर पेट्या माश्यांनी तुडुंब भरल्या. पुढे काय, तर पाऊस. सह्याद्रीच्या अंगाला खरा दुष्काळ असतो तो पावसाळ्याचा. महाबळेश्वरासारख्या ठिकाणी वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्या दिवसांत माशीला दाराबाहेर पडणेही कठीण. आम्ही खाणारी तोंडे वाढवून ठेवली होती, नेमकी उपासाच्या तोंडावर. ते पावसाळी महिने पेट्या तगवण्यात किती साखर गेली, ते आमच्या वहीत लिहिलेले आहे. येथे छापण्याजोगे नाही.

पुढच्या वर्षी हिशेब बरोबर केला. कार्तिकात कारळ्याचा पिवळा बहर ओसरतो, मग आमच्याकडे पौषात माश्यांना फारसे काही नसते. जांभळाआधी सहा आठवडे म्हणजे माघाचा आरंभ. त्या सुमारास आम्ही पाक सुरू केला आणि पंधरा दिवसांत पोळ्यांवर पिलांची झाकलेली घरे तळहातभर पसरली. विद्यार्थी रोज संध्याकाळी जेवणाच्या घंटेपूर्वी पाक देत आणि वहीत नोंद करीत. नंतर शाळेची सहल आली, तिला लागून शिक्षकांचे प्रशिक्षण आले आणि नऊ दिवस कोणी पेट्यांकडे फिरकले नाही. ज्याच्याकडे काम सोपवले होते, त्याला आपल्याकडे ते सोपवले आहे हे ठाऊकच नव्हते. दोष त्याचा नव्हता. तोंडी सांगितलेले काम हे कोणाचेच काम नसते, हे आम्हांला आधीच कळायला हवे होते.

परतल्यावर पहिली खूण दाराशीच दिसली. उतरण्याच्या फळीवर पांढऱ्या, सुरकुतलेल्या अळ्या पडल्या होत्या. घरात अन्न उरले नाही की माश्या अळ्यांना भरवणे थांबवतात. काही खाऊन टाकतात, काही ओढून बाहेर टाकतात. हे क्रौर्य नव्हे. जे वाढवता येणार नाही ते वाढवायचे नाही, इतकाच त्यांचा व्यवहार. पण त्या अळ्या आमच्या पाकाच्या भरवशावर जन्मल्या होत्या. आम्ही काहीच दिले नसते, तर राणीने बाहेरचे बेताचे अन्न ओळखून बेतानेच अंडी घातली असती आणि वसाहत लहान, पण सुखरूप राहिली असती. आम्ही तिला बहर आल्याचे खोटे सांगितले आणि मधूनच तोंड फिरवले. युरोपीय माशी अशा वेळी बहुधा पेटीतच मरते. सातेरी मरत बसत नाही, ती घर सोडते. पाच पेट्यांपैकी तीन आठवडाभरात उठून गेल्या. एका सकाळी दोन मुलांनी तिसऱ्या पेटीच्या माश्या आंब्यावरून ओढ्याच्या दिशेने जाताना पाहिल्या; ती दोघे धावत आम्हांला बोलावायला आली, पण तोवर काही उरले नव्हते. पोळी कोरडी होती, मूठभर माश्या भांबावून फिरत होत्या आणि महिन्याभरात त्या पोळ्यांत मेणकिड्याने जाळी केली.

तेव्हापासून आमच्याकडे नियम असा, की पाक सुरू करण्यापूर्वी सहा आठवड्यांच्या प्रत्येक दिवसापुढे एका विद्यार्थ्याचे आणि एका मोठ्या माणसाचे नाव लिहिले जाते. नावे भरली नाहीत, तर त्या वर्षी पाक सुरूच करायचा नाही.

कृती साधी आहे. पाणी उकळून भांडे खाली उतरवावे आणि त्यात वजनाने तेवढीच साखर विरघळवावी. साखर घातल्यावर पाक आटवत बसू नये, कारण करपलेली साखर माश्यांना बाधते. साखर पांढरी, स्वच्छ घ्यावी. गुळाविषयी पालक आग्रहाने विचारतात. गूळ आपल्याला पौष्टिक असेल, पण त्यातील क्षार आणि मळी माश्यांच्या पोटाला सोसत नाही, त्यांना हगवण लागते. बाजारातून आणलेला मधही देऊ नये. कोणत्या पेटीचा रोग त्यातून येईल, सांगता येत नाही. सातेरीच्या एका वसाहतीला आम्ही दिवसाआड साधारण पाव लिटर पाक देतो, तोही सूर्य मावळल्यावर आणि पेटीच्या आत. दिवसा पाक सांडला की शेजारच्या वसाहती लुटीला येतात आणि दुबळी पेटी तासाभरात उद्ध्वस्त होते. बरणीच्या झाकणाला बारीक भोके पाडून ती पालथी ठेवावी. ताटली वापरायची तर तीत काटक्या किंवा नारळाच्या काथ्या टाकाव्यात, नाहीतर माश्या बुडतात. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या हव्यातच, कारण साखरेची बातमी मुंग्यांना माश्यांच्याही आधी लागते.

साखर ही ऊर्जा आहे. तिने अंग वाढत नाही. अळीला प्रथिने लागतात आणि ती परागातून येतात. दाराशी अर्धा तास बसून पाहावे. माश्यांच्या मागच्या पायांवर पिवळ्या-तांबूस गोळ्या दिसत नसतील, तर नुसता पाक देऊन पिले वाढणार नाहीत. अशा वेळी सोयाबीनचे तेल काढलेले पीठ आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी पाकात मळून तिची चपटी वडी चौकटींवर ठेवता येते. आमच्याकडे त्या सुमारास शेवगा फुललेला असतो, म्हणून वडीची गरज क्वचितच पडते. पालकांपैकी जे कांद्याचे बियाणे घेतात, त्यांनी हा भाग विशेष ध्यानात घ्यावा. कांद्याच्या गोंड्यांत बी धरण्यासाठी परागवाहक कीटक लागतात आणि तो फुलोरा जांभळाच्या आगेमागेच येतो. त्या वेळी शेताच्या बांधावर दुबळी पेटी ठेवून उपयोग नाही, आणि फुलोऱ्यात औषध फवारले तर सबळ पेटीही टिकणार नाही.

पाक कधी थांबवावा, हे वही सांगत नाही, पोळे सांगते. पोळ्याच्या वरच्या कडेला ताजे पांढरे मेण दिसू लागले आणि चौकट किंचित कलती करताच घरांतून मकरंदाचे थेंब गळू लागले, की त्याच संध्याकाळी बरणी काढून घ्यायची. मधाचा कप्पा त्यानंतरच चढवायचा, एक दिवसही आधी नाही. आधी चढवला तर माश्या आमची साखर त्यात भरून ठेवतील आणि ती आपल्याला मध म्हणून विकली जाईल. पालकसभेतील प्रश्नामागच्या संशयाचे उत्तर या एका तारखेत आहे. बरणी काढल्याची आणि कप्पा चढवल्याची, अशा दोन्ही तारखा त्या वर्षीच्या मधाच्या बाटलीवर लिहिलेल्या असतात. घेणाऱ्याने त्या अवश्य वाचाव्यात. पहिली तारीख दुसरीच्या नंतरची असेल, तर बाटली परत करावी.

हा लेख लिहीत असताना माघ लागला आहे. उठून गेलेल्या तीन पेट्यांपैकी दोन पुन्हा भरल्या आहेत. त्यांतील एक वसाहत ओढ्याकाठच्या उंबराच्या ढोलीतून मुलांनीच आणली. ती आमचीच परतली की दुसरी कोणती, यावर वसतिगृहात अजून वाद चालू आहे. तिसरी पेटी रिकामीच ठेवली आहे. नावांचा तक्ता भरून स्वयंपाकघराच्या दारावर लावला आहे आणि आज संध्याकाळी पहिल्या बरणीची पाळी सातवीतील एका मुलीची आहे.