डिस्कचे दोन कप्पे

मुलांनो, संगणकात हार्ड डिस्क नावाचा एक भाग असतो. आपण लिहिलेले निबंध, काढलेली चित्रे, घरातील छायाचित्रे हे सर्व तिच्यात साठविलेले असते. अशी पहिली डिस्क आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९५६ साली लोकांपुढे आणली. तिच्यात ५० मोठ्या तबकड्या होत्या. तरीही अवघी ५० लाख अक्षरे तीत मावत. आज तळहाताएवढ्या, एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये याच्या सुमारे दोन लाख पट मजकूर मावतो.

डिस्कमध्ये दोन प्रकारचा ऐवज असतो. एक, संगणक चालविणारी विंडोजसारखी प्रणाली. दुसरा, आपला स्वतःचा. प्रणाली बिघडली तर ती नव्याने बसविता येते. पण आपले लेखन पुन्हा कोठून आणावयाचे?

हे मी ठेच लागल्यावर शिकलो. एकदा माझ्या संगणकाची प्रणाली बिघडली. दुरुस्ती करणाऱ्याने सारी डिस्क पुसून ती पुन्हा बसविली. संगणक सुरू झाला. परंतु वडिलांच्या जीर्ण पत्रांवरून मी तीन महिने खपून उतरवून घेतलेला मजकूर नाहीसा झाला. दोष माझाच होता. मी सर्व काही एकत्र ठेवले होते.

ही हानी टाळण्यासाठी डिस्कचे कप्पे करतात. यास पार्टिशन म्हणतात. कोणता कप्पा कोठे सुरू होतो व कोठे संपतो, याची नोंद डिस्कवरील एका कोष्टकात असते. विंडोजमध्ये या कप्प्यांना ‘सी’, ‘डी’ अशी नावे मिळतात. ‘ए’ व ‘बी’ ही अक्षरे पूर्वी फ्लॉपीसाठी राखलेली होती. ‘सी’मध्ये प्रणाली असावी व ‘डी’मध्ये आपले काम. विंडोज ११ साठी किमान ६४ गिगाबाइट जागा लागते. म्हणून ‘सी’ कप्पा त्याहून बराच मोठा ठेवावा. पुढे प्रणाली बिघडली, तर केवळ ‘सी’ पुसावा. ‘डी’मधील काम जागच्या जागी राहते. मात्र डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल सहसा ‘सी’मध्येच जाते. म्हणून आपले काम आठवणीने ‘डी’मध्ये ठेवावे.

तथापि एक गोष्ट विसरू नका. घरात भिंत घातली, म्हणजे एका खोलीची डागडुजी करताना दुसरीस धक्का लागत नाही. परंतु घरच कोसळले, तर दोन्ही खोल्या जातात. डिस्क निकामी झाली, की दोन्ही कप्प्यांची तीच गत होते. यासाठी मोलाच्या कामाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर अवश्य ठेवावी. कप्पे करण्यापूर्वीही अशी प्रत आधी काढून घ्यावी.

स्वाध्याय
१. प्रणाली व आपले काम वेगळे का ठेवावे?
२. कप्पे करूनही दुसरी प्रत का हवी?
३. ‘ठेच लागणे’, ‘डागडुजी करणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.