जहाज कुठून सुटतं, ते आधी विचारा

क्रूझच्या जाहिरातीत शहरांची नावं असतात, बंदरांची नसतात. रोम लिहिलेलं असतं, जहाज लागतं चिवितावेक्कियाला आणि तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. फ्लॉरेन्स म्हणजे लिव्होर्नो. पॅरिस म्हणजे ल आव्र, तिथून पॅरिस जवळजवळ दोनशे किलोमीटर. लंडन म्हणजे साउदम्प्टन. बर्लिनला समुद्रच नाही, तरी बाल्टिकच्या क्रूझवर बर्लिन असतंच. मला हे सगळं आता तोंडपाठ आहे. जाण्याआधी सांगायचं काम ज्याचं होतं त्याने सांगितलं नाही, म्हणून मी लिहायला बसले आहे.

आमचं व्हेनिस होतं. दादा-वहिनींच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली त्याचं निमित्त. ते दोघं आणि आम्ही दोघं. आधी व्हेनिसला थोडा मुक्काम, मग जहाजाने क्रोएशिया, माँटेनेग्रो, कोर्फू, सँतोरिनी आणि शेवटी अथेन्सला उतरून विमान. पर्यटनवाल्यांनी स्वतःच्या लेटरहेडवर छापून दिलेल्या कार्यक्रमात स्वच्छ मराठीत लिहिलं होतं, ‘व्हेनिस येथून आलिशान जहाजाने प्रस्थान’. तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्यावर कंस नाही, तारका नाही, बारीक अक्षरातली टीपसुद्धा नाही.

जहाजाचं वेब चेक-इन त्यांनीच केलं. आमची मुलगी म्हणाली, मी करते, तर हे महाशय म्हणाले, “काकू, तुम्ही काही टेन्शनच घेऊ नका. बोर्डिंग पास विमानतळावर निघताना हातात पडतील.” पडले ते निघायच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर. विमा, हॉटेलची व्हाउचर्स, व्हिसाच्या प्रती, सगळं एकाच पीडीएफमध्ये कोंबलेलं. जहाजाच्या पासवर बारीक अक्षरात ‘पोर्तो कोर्सिनी’ असं होतं. मला सांगा, हे वाचून ठाण्यातल्या माणसाला काय कळावं? व्हेनिसमधल्याच एखाद्या धक्क्याचं नाव वाटलं.

जहाजाच्या दिवशी सकाळी यांनी हॉटेलच्या काउंटरवर विचारलं, की बॅगा आहेत, वय झालंय, तर जहाजापर्यंत वॉटर टॅक्सी मागवता येईल का. तिथल्या माणसाने मोबाइल हातात घेतला, पास मोठा करून पाहिला आणि आमच्याकडे बघत राहिला. काउंटरवर व्हेनिसचे नकाशे ठेवलेले होते. त्यातला एक त्याने उलटा केला. मागे सगळ्या उत्तर इटलीचा नकाशा होता. त्यावर त्याने व्हेनिसवर बोट ठेवलं आणि किनाऱ्या-किनाऱ्याने खाली नेत नेत, पार खाली, एका ठिकाणी थांबवलं. रावेन्ना. पोर्तो कोर्सिनी हे रावेन्नाचं बंदर. रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास. आगगाडीने जायचं तर वाटेत गाडी बदला, आणि रावेन्ना स्टेशनवर उतरल्यावर बंदरासाठी पुन्हा टॅक्सी.

वहिनीने मला विचारलं, “काय म्हणतोय गं तो?” मला सांगवेना.

इकडे सकाळचे आठ म्हणजे ठाण्यात साडेअकरा. ऑफिस उघडलेलं होतं. आधी एक मुलगी म्हणाली, सर मीटिंगमध्ये आहेत. यांनी आवाज चढवल्यावर सर मीटिंगमधून बाहेर आले. आणि काय म्हणाले असतील? “काकू, व्हेनिसमध्ये मोठी जहाजं आता जातच नाहीत. हे सगळ्यांना माहीत आहे.”

फोन ठेवला तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. गोष्ट खरी आहे. २०१९ च्या जूनमध्ये एक मोठं क्रूझ जहाज जुदेक्का कालव्यात धक्क्यावर आणि तिथे उभ्या पर्यटक बोटीवर आदळलं. आधीपासून चाललेल्या विरोधाला त्यानंतर आणखी धार आली, आणि २०२१ च्या १ ऑगस्टपासून इटलीच्या सरकारने २५ हजार टनांवरच्या जहाजांना सेंट मार्क चौकासमोरून जायला बंदी घातली. तेव्हापासून ‘व्हेनिस’च्या बऱ्याच क्रूझ रावेन्नाहून, त्रिएस्तेहून नाही तर मार्गेराच्या औद्योगिक बंदरातून निघतात. म्हणजे धंद्यातल्या माणसाला हे वर्षानुवर्षं माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं, तर मग कागदावर व्हेनिस कशासाठी? त्यावर उत्तर, “कंपनीच तसं लिहिते.” हेही अर्धंच खरं. कंपनी व्हेनिस लिहून पुढे कंसात रावेन्ना लिहिते. कंस गाळण्याचं काम ठाण्यात झालं. वर शेवटी, “आता पोहोचाल ना वेळेत, मग एन्जॉय करा!”

पोहोचलो. हॉटेलने पियात्साले रोमाला, जिथपर्यंत मोटारी येतात तिथे, गाडी बोलावली. तिथवर बॅगा घेऊन पूल चढणं-उतरणं आलंच. गाडीचे पैसे ऐकून दादा गप्प झाला तो रावेन्नापर्यंत. खरा चटका बसला जहाजावर. तिथे शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सांगितलं, त्या व्हेनिसहून कंपनीच्याच बसने आल्या. आगाऊ बुकिंग करायचं, आमच्या गाडीच्या मानाने किरकोळ पैसे. आमच्या पर्यटनवाल्यांनी त्या बसबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. काढलं असतं तर रावेन्ना सांगावं लागलं असतं.

तेव्हा पहिला सल्ला हा, की पैसे भरण्याआधी प्रत्येक ठिकाणच्या बंदराचं नाव, जहाज लागण्याची आणि सुटण्याची वेळ लेखी मागा. ‘रोम, सकाळी ७ ते संध्याकाळी ७’ याचा अर्थ रोममध्ये बारा तास असा होत नाही. जायला-यायला तीन-चार तास धरा आणि परत चढायची वेळ सुटण्याच्या अर्धा-एक तास आधीची असते. जहाजाचा बुकिंग क्रमांकही पहिल्याच दिवशी मागून घ्या आणि चेक-इन स्वतः करा. तो क्रमांक द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडून सहल घेऊ नका. असं कुणी दुखावेल म्हणून आपण गप्प बसतो आणि तेच हे लोक ओळखून असतात.

व्हिसाचंही तसंच. माँटेनेग्रो शेंगेनमध्ये नाही. क्रोएशिया २०२३ पासून आहे. म्हणजे आमचं जहाज कोटोरला गेलं की आम्ही शेंगेनच्या बाहेर आणि कोर्फूला पुन्हा आत. त्याला मल्टिपल एंट्रीचा व्हिसा लागतो. पर्यटनवाल्यांनी भरलेल्या फॉर्मवर सिंगल होतं. यांनी, चाळीस वर्षं बँकेत कागद तपासलेल्या माणसाने, ते पकडलं. तिकडून उत्तर काय, तर “काका, काय फरक पडतो?” फरक हा पडतो, की कंपनी तुम्हाला जहाजावरच चढू देत नाही. तुर्कस्तान, ट्युनिशिया, इंग्लंड असं काही मध्ये असेल तर हे दोनदा बघा.

‘लक्झरी’ या शब्दाविषयी मला थोडं बोलायचं आहे. आपल्याकडच्या जाहिरातीत तरंगणारं प्रत्येक जहाज लक्झरी असतं. ज्यांना त्या धंद्यात खरोखर लक्झरी म्हणतात, सिल्व्हरसी, सीबोर्न, रीजंट सेव्हन सीज यांसारख्या कंपन्या, त्यांची जहाजं लहान असतात. पाच-सातशे प्रवासी, आणि भाड्यातच पेयं, टिप वगैरे धरलेलं असतं. आमच्यासारख्या जहाजावर हजारो माणसं असतात आणि भाडं ही फक्त सुरुवात असते. टिप माणशी रोज दहा-पंधरा डॉलरपासून वीसपर्यंत आपोआप खात्यात चढते. इंटरनेट वेगळं, बाटलीबंद पाणी वेगळं, खास रेस्टॉरंट वेगळं. सँतोरिनी आणि मिकोनॉसला ग्रीक सरकारने २०२५ च्या जुलैपासून उन्हाळ्याच्या दिवसांत माणशी वीस युरो कर लावलाय, तोही प्रवाशाच्याच माथी. यातलं काहीच बेकायदा नाही. पण ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ म्हणणाऱ्याला प्रत्येक गोष्टीचं नाव घेऊन विचारा, आत आहे की बाहेर. आम्हाला मिळालेलं उत्तर होतं, “जवळपास सगळं आत.”

केबिन ‘गॅरंटी’ असेल तर हुरळू नका. केबिनचा नंबर कंपनी ठरवणार एवढाच त्या गॅरंटीचा अर्थ. वहिनीच्या समुद्र दिसणाऱ्या खिडकीसमोर नारिंगी लाइफबोट टांगलेली होती. भाषा वापरतात ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’, आणि बुकिंगवर ते लिहिलेलं असतं, फक्त वाचून दाखवणारा हवा. समुद्र लागत असेल तर जहाजाच्या मध्यावरची, खालच्या डेकवरची केबिन घ्या, तिथे हेलकावे कमी. स्विमिंग पूलच्या बरोबर खालची घेऊ नका, पहाटे खुर्च्या ओढतात.

क्रेडिट कार्ड आंतरराष्ट्रीय वापरासाठी सुरू आहे ना ते बँकेच्या ॲपमध्ये आधीच पाहा. जहाजावर पाकीट काढायचंच नसतं, सगळं खात्यावर. त्यामुळे रोज संध्याकाळी खातं तपासा, शेवटच्या रात्रीच्या रांगेत वाद घालणं जमत नाही. किनाऱ्यावर दुकानदाराने मशीनवर ‘रुपयात देणार की युरोत’ विचारलं तर युरो. रुपयाचा दर त्यांचा असतो, आपला नाही. मोबाइल समुद्रात एअरप्लेन मोडवर ठेवा. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क उपग्रहावरून चालतं आणि बिल बघून झोप उडते. विमा घ्या, चांगला घ्या, हे सगळेच सांगतात. मी एवढंच जोडते, की तो क्रूझसाठी चालतो का आणि जहाजावरून रुग्णाला उचलून नेण्याचा खर्च त्यात आहे का, हे पॉलिसीत वाचा. जहाजावरचा डॉक्टर फुकट नसतो.

खाण्याची काळजी फार करू नका, निदान शाकाहारी माणसाने. मुख्य डायनिंग रूममधल्या प्रमुखाला आदल्या रात्री सांगितलं की दुसऱ्या दिवशी डाळ-भाजी येते. आमच्या टेबलावर येत होती आणि चांगली असायची, हे मान्य केलं पाहिजे. जैन जेवण मात्र बुकिंगच्या वेळीच नोंदवा. घरचे थालीपीठ-लाडू नियमाने नेता येत नाहीत, बंद पाकिटातलं कोरडं खाणं चालतं. इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री काढून ठेवतात, शेवटी परत देतात.

सँतोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही. खोल पाण्यात उभं राहतं आणि लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. दादा लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने देवगडला आजोळी जायचा. तो म्हणाला, “पडावच की हे! आमच्या वेळी तांडेल हाताला धरून उतरवायचा.” इथेही धरतात, पण गुडघे दुखत असतील तर या बोटी आहेत का ते आधी बघा. आणि उतरल्यावर वर गावात जायला केबल कार, नाही तर पाचशेच्या वर पायऱ्या, नाही तर खेचरं. तिथे दिवसाला आठ हजार क्रूझ प्रवाशांची मर्यादा घातली आहे, तरी केबल कारची रांग उन्हात तासभर. वारा जास्त असेल तर जहाज तिथे थांबतही नाही, आणि मग परत मिळतो तो फक्त बंदराचा कर. करारात तसं लिहिलेलं असतं.

ग्रीसमध्ये घड्याळ इटलीच्या तासभर पुढे. मोबाइल आपोआप बदलतो, जहाजाची वेळ कॅप्टन ठरवेल तीच. मनगटावर साधं घड्याळ घाला आणि ते जहाजाच्या वेळेवर ठेवा. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. सुरुवातीची सुरक्षा कवायत कंटाळवाणी म्हणून टाळू नका. २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया इटलीच्या जिल्यो बेटापाशी कलंडली तेव्हा चढलेल्या शेकडो जणांची कवायत झालेली नव्हती, ३२ माणसं गेली. तेव्हापासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणं सक्तीचं झालं.

आता पैशांचं. परदेशी सहलीच्या पॅकेजवर पर्यटनवाले टीसीएस कापतात आणि तो आपल्या प्राप्तिकरात वळता होतो. पण त्यांनी तो सरकारकडे भरला तरच. आमच्या पावतीवर रक्कम आहे, फॉर्म २६एएसमध्ये नाही. विचारलं तर “सीएकडे फाइल आहे, काकू.” सहल संपल्यावर २६एएस बघायला विसरू नका, कुणाच्याही सीएकडची फाइल तुमच्या रिटर्नमध्ये धरत नाहीत.

तक्रार करायची तर घटनेपासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, ऑनलाइनही. १९१५ या हेल्पलाइनवर आधी बोलून घ्या. आम्ही गाडीचं बिल, तो छापील कार्यक्रम आणि व्हॉट्सॲपच्या संभाषणाचे स्क्रीनशॉट तारखांसह लावले आहेत. नोटीस गेल्यावर चार दिवसांत फोन आला, आवाज एकदम मऊ. गैरसमज झाला, काकू. पुढच्या सहलीवर सवलतीचं कूपन देतो. अट एकच, की ‘तक्रार समाधानकारकरीत्या मिटली’ अशा कागदावर चौघांच्या सह्या. तुम्हाला असं कूपन आलं तर घेऊ नका, वापरायचं तर पुन्हा त्यांच्याचबरोबर जावं लागतं. आम्ही सह्या केल्या नाहीत. दादाने पुढची तारीख डायरीत लिहून ठेवली आहे.