गाडीच्या खिडक्यांना जाळी: खर्च किती, गरज कोणाला?

पावसाळा ओसरला की सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर थार, जिम्नी, गुरखा आणि जुन्या जिप्सी पुन्हा दिसू लागतात. या वाटा अरुंद असतात, दोन्ही बाजूंना करवंद आणि घाणेरी माजलेली असते. पत्र्यावरचे हलके ओरखडे पॉलिशने निघतात, पण वाळकी फांदी मागच्या खिडकीत घुसली तर काच जाते. समोरची काच लॅमिनेटेड असल्याने तडा गेला तरी जागेवर राहते. बाजूच्या काचा सहसा टफन असतात. त्या एका फटक्यात फुटून खड्यांसारख्या सगळ्या गाडीभर पसरतात. म्हणूनच मागच्या खिडक्यांना बाहेरून लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची जाळी बसवून घेतली जाते.

मागच्या दोन खिडक्यांच्या जोडीला बसवणुकीसह साधारण ३ ते १० हजार रुपये धरा. हा खर्च प्रत्येकाने करायलाच हवा असे नाही.

गरज कोणाला?

महिन्यातून एक-दोनदा झाडीतल्या ट्रेलवर जाणारे, मागच्या सीटऐवजी तिथे तंबू, गॅस, अवजारे असे सामान भरणारे आणि गाडी शेतावर किंवा जंगलालगत वापरणारे, यांना जाळीचा खरा उपयोग आहे. फांदी बाहेरून अडते, सामान आतून काचेवर आपटले तरी फुटलेली काच थोडीफार आवरली जाते आणि चोराला हात घालणे अवघड जाते. ज्यांची गाडी मुख्यतः पुणे-मुंबई रस्त्यावर आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये असते, त्यांनी हे पैसे चांगल्या टायरांवर घालावेत.

पैसे कशाचे जातात?

स्थानिक फॅब्रिकेटरकडे करून घ्यायची असेल तर हिशेब स्वतः मांडता येतो. ८० बाय ४० सेंटिमीटरचा, १.६ मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा भरतो सुमारे ४ किलो. त्याच मापाचा २ मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा पावणेदोन किलोच्या आसपास. भोके कापल्यावर वजन आणखी उतरते, पण पैसे पूर्ण पत्र्याचेच द्यावे लागतात. दोन खिडक्यांचा ढोबळ अंदाज असा:

• लोखंडी पत्रा: ५०० ते ७०० रुपये, अ‍ॅल्युमिनियम: १,००० ते १,५०० रुपये
• लेझर कटिंग आणि बेंडिंग: १,००० ते २,००० रुपये
• पावडर कोटिंग: ५०० ते १,००० रुपये
• ब्रॅकेट, स्टेनलेस बोल्ट, रबर: ३०० ते ६०० रुपये
• बसवणूक: ५०० ते १,५०० रुपये

तयार, गाडीच्या मापाची जोडी महाग पडते. मात्र मूळ बोल्टच्या जागीच बसत असेल तर गाडीला नवे भोक पाडावे लागत नाही. भोक टळल्याचा हा फायदा पैशातही मोठा आहे. दर विचारताना जीएसटी धरून विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर तो १८ टक्के आहे. ६,००० रुपयांची जोडी बिलावर ७,०८० रुपयांची होते.

लोखंड की अ‍ॅल्युमिनियम?

लोखंड स्वस्त, मजबूत आणि वाकले तर ठोकून सरळ करता येणारे. त्याचा शत्रू गंज. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर खारी हवा पहिल्याच पावसाळ्यात कोटिंगमधली चूक दाखवून देते. अ‍ॅल्युमिनियम हलके आणि न गंजणारे, पण जोरदार फटक्याने वाकते आणि लोखंडी बोल्टच्या संगतीत खाऱ्या ओलाव्याने झिजू लागते. ते घेतलेत तर मध्ये नायलॉनचे वॉशर टाकून घ्या.

बसवताना काय पाहावे?

१. सगळी भोके पावडर कोटिंगच्या आधी पाडलेली असावीत. नंतर पाडलेल्या भोकापासून गंज सुरू होतो.

२. जाळी आणि काच यांत बोट सहज जाईल इतके अंतर हवे. काचेला टेकलेली जाळी फटका थेट काचेला देते, शिवाय आतला चिखल धुता येत नाही.

३. टप फायबरचे असेल तर नुसते स्क्रू मारू देऊ नका. आतून पट्टी देऊन दाब पसरवून घ्या, नाहीतर खडखडाटाने तडे जातात. पत्र्याला भोक पडलेच तर कडेला प्रायमर लावूनच रिव्हनट (पत्र्यात दाबून बसवायचा नट) बसवायला सांगा. भोकातून पाणी शिरेल, म्हणून त्याच दिवशी होजपाइपने तपासा.

४. कडा घासून गोल केलेल्या असाव्यात. धारदार कड पादचाऱ्याला आणि दुचाकीस्वाराला कापते.

बाहेर पडायची वाट बंद करू नका

या सगळ्यात जिवाशी संबंधित मुद्दा हाच आहे. तीन दारांच्या गाडीत मागे बसलेल्यांना स्वतःचे दार नसते. गाडी उलटली किंवा ओढ्यात अडकली तर मागची खिडकी हीच त्यांची सुटकेची वाट ठरू शकते. मागे माणसे बसवणार असाल तर हाताने फिरवून सुटणाऱ्या नॉबची, शक्यतो आतून उघडणारी जाळी घ्या किंवा एक बाजू मोकळी ठेवा. पुढच्या दारांच्या काचा, समोरची काच आणि डिकीची उघडणारी काच यांना जाळी लावूच नका. काच फोडायची हातोडी काही शे रुपयांत मिळते. ती ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरले. नियमबाह्य बदलाला कलम १८२अ नुसार प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने बुलबारविरुद्ध (बंपरपुढच्या लोखंडी गार्डविरुद्ध) कारवाई करण्यास राज्यांना कळवले होते. बाहेरून जोडलेल्या जाळीकडेही तपासणी अधिकारी त्याच नजरेने पाहू शकतो. म्हणून बोल्टने काढता येणारी जाळी घ्या, ट्रेलपुरती लावा. कायम ठेवायची असेल तर आधी आरटीओत लेखी विचारा.

विमा कंपनीला कळवून जाळीची किंमत पॉलिसीत नोंदवा. न नोंदवलेल्या वस्तूची भरपाई मिळत नाही आणि दाव्याच्या वेळी वाद उभा राहतो. काच फुटल्यावर दावा करावा का, याचाही हिशेब आहे. काचेवर घसारा कापला जात नाही, पण १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यापुढच्या गाडीला २,००० रुपये स्वतः भरावे लागतात, शिवाय नो क्लेम बोनस जातो. समजा ओन डॅमेज हप्ता १२,००० रुपये आहे आणि पुढच्या नूतनीकरणाला ४५ टक्के बोनस मिळणार होता, तर ५,४०० रुपयांची सवलत बुडते. म्हणजे छोट्या काचेचा दावा अनेकदा परवडत नाही, आणि जाळीची किंमत वसूल होते ती इथेच.

ज्यांच्या वाटा खरोखर झाडीतून जातात त्यांनी काढता येणारी, न टोचणारी, पक्क्या बिलाची जोडी जरूर बसवावी. मात्र फॅब्रिकेटरला पैसे देण्याआधी मागच्या सीटवर स्वतः बसा आणि ती जाळी आतून उघडून पाहा. उघडत नसेल तर घेऊ नका.