विमानात न बसता जेट लॅग

जेट लॅग म्हटलं की आपल्याला आठवतात ते एम.एस.ला गेलेले सीनियर्स आणि लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेलेल्या मावशा. मावशी रात्री दोनला टक्क जागी आणि दुपारी जेवणाच्या ताटावर पेंगतेय! (तान्ह्या बाळाच्या घरात अशी आजी पहिला आठवडा फार उपयोगी पडते, हा भाग वेगळा.) घरचे म्हणतात, प्रवासाचा शीण आहे. पण मित्रांनो, शीण वेगळा आणि जेट लॅग वेगळा. पुण्याहून जम्मूला रेल्वेने जा. दोन रात्री गाडीत काढून अंग आंबून जातं, पण एकदा चांगली झोप काढली की माणूस ताजा. कारण जम्मूत सूर्य जवळपास पुण्याच्याच वेळेला डोक्यावर येतो. जेट लॅग अंतराने होत नाही, रेखांश ओलांडल्याने होतो.

आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या बरोबर वर, सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका आहे. हे शरीराचं मुख्य घड्याळ. झोप कधी, भूक कधी, शरीराचं तापमान कधी उतरणार, हे सगळं ते ठरवतं. ते बाहेरच्या उजेडावर चालत नाही, स्वतःच चालतं. १७२९ साली द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखी पानं मिटणारी वनस्पती अंधारात ठेवून पाहिली, तरी पानं आपापल्या वेळेला उघडत-मिटत राहिली. पेशींच्या आत हे घड्याळ कसं चालतं याच्या शोधाला २०१७ सालचं नोबेल मिळालं. उजेडाचं काम एवढंच की तो हे घड्याळ रोज जुळवून देतो. जुळवावं लागतं, कारण बहुतेकांचं घड्याळ २४ तासांपेक्षा थोडं जास्त घेतं. म्हणजे ते मुळातच रेंगाळणारं आहे! म्हणून पश्चिमेला जाणं, म्हणजे उशिरा झोपणं, सोपं जातं. पूर्वेला जाणं, म्हणजे लवकर झोपणं, जड जातं.

उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं आणि जपान साडेतीन तास पुढे. आकडा एकच, पण जपान जास्त छळतं. ढोबळ हिशेब असा: पूर्वेला दिवसाला एक तास, पश्चिमेला दीड तास या गतीने शरीर जुळतं.

आता खरी गंमत. उजेड घड्याळ पुढेही ढकलतो आणि मागेही. रोजच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं. त्या क्षणाआधी मिळालेला उजेड घड्याळ मागे नेतो, त्यानंतरचा पुढे आणतो. इथे रोज सातला उठणाऱ्याचा हा क्षण साधारण साडेचारचा. टोकियोत तेव्हा आठ वाजलेले असतात. म्हणजे तिथे पहिल्या दिवशी सकाळी सहाला उत्साहाने फिरायला गेलात तर घड्याळ उलट्या दिशेला जाणार! साडेआठपर्यंत पडदे लावून बसा आणि मग भरपूर उन्हात हिंडा. जर्मनीत उलट. तिथे संध्याकाळचं ऊन घ्या आणि पहाटे जाग आली तरी दिवा लावू नका.

पण आपल्यातले किती जण जपानला चाललेत? म्हणून हॉस्टेलकडे येतो. टिल रोनेबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००६ साली ‘सोशल जेट लॅग’ हा शब्द आणला. मोजणी सोपी आहे. कॉलेज असताना आपण एकला झोपून सातला उठतो. झोपेचा मध्य चार वाजता. रविवारी चारला झोपून बाराला उठतो. मध्य आठ वाजता. फरक चार तास. म्हणजे आपली अख्खी विंग दर शनिवारी जर्मनीला जाते आणि सोमवारी पहिल्या लेक्चरला परत येते! आणि परतीचा प्रवास पूर्वेचा, म्हणजे अवघड बाजूचा.

याच्या उलटा प्रयोग माझ्यावर झाला तो मणिबेलीत, एन.एस.एस.च्या सात दिवसांच्या हिवाळी शिबिरात. नंदुरबार जिल्ह्यातलं नर्मदाकाठचं हे गाव. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रात सर्वांत आधी गाठलेलं गाव म्हणून ते देशभर माहीत आहे. त्याचा रेखांश सुमारे पावणेचौऱ्याहत्तर, आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशीची. एका अंशाला चार मिनिटं धरली तर मणिबेलीचा सूर्य घड्याळाच्या पस्तीस मिनिटं मागे. जानेवारीत तो सव्वासातच्या सुमारास उगवतो, आणि डोंगर आड आला की त्याहून उशिरा दिसतो. आम्ही उतरलो होतो तिथे वीज नव्हती. एक सोलर कंदील, तोही जेवणापुरता. पहिल्या रात्री एकपर्यंत सगळे कुशी बदलत होते. चौथ्या दिवसापासून दहाच्या आत घोरायला लागले. श्रमदानाने दमलो होतो हे खरंच, पण नुसता दमलेला माणूस उशिरापर्यंत लोळतो. आम्ही साडेसहाला गजराशिवाय उठत होतो. पुढे वाचनात आलं की अमेरिकेत कोलोराडोच्या डोंगरात आठ जणांना आठवडाभर फक्त ऊन आणि शेकोटीच्या उजेडात ठेवलं, तर त्यांची घड्याळं सुमारे दोन तास लवकरची झाली. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. गावात वीज नसावी असं मी मुळीच म्हणत नाही. कंदिलावर अभ्यास करणाऱ्या पोरांना विचारा. मुद्दा दिवसभराच्या उन्हाचा आहे. बाहेर सकाळी हजारो लक्स असतात, आपल्या खोलीत ट्यूबखाली शे-दोनशे.

हे परीक्षेत भोवतं. पी.एल.मध्ये तीनला झोपून अकराला उठणाऱ्याचा तळ येतो साडेआठला. दहाच्या पेपरला त्याच्या शरीरात जेमतेम सकाळचे सात वाजलेले असतात, म्हणजे बारा ते आठ झोपणारा सातला पेपर लिहायला बसल्यासारखं. उत्तर येत असतं, पण सुचत नाही. आणि आदल्या दिवशी एकदम सहाला उठून ग्राउंडवर गेलो तर? तो उजेड तळाच्या आधीचा, म्हणजे घड्याळ आणखी मागे! म्हणून पाच-सहा दिवस आधी सुरुवात करायची. पहिल्या दिवशी दहाला उठून थेट गच्चीवर अर्धा तास, पुढे रोज पाऊण तास अलीकडे. टपरीवरचा चहा पाचनंतर बंद. पोटात गेलेल्या कॅफिनमधलं निम्मं पाच तासांनीही रक्तात फिरत असतं. रात्री मोबाईल लांब. मेलाटोनिनच्या गोळ्या रूममेटकडून घेऊ नका, त्यासाठी डॉक्टर आहेत.

रेक्टर सरांना एक विनंती: परीक्षेच्या महिन्यात गच्चीचं कुलूप सकाळी सातला उघडावं. आणि ओरलचं वेळापत्रक लावणाऱ्या सरांना दुसरी: सोमवारची साडेआठची बॅच शक्यतो टाळावी.