खणू नका, वाचा!

खजिना म्हटले की सगळ्यांचे कान टवकारतात. जुन्या गावात तर अशा गोष्टींना तोटा नसतो. अमक्याच्या वाडीत हंडा पुरला आहे. तमक्या बुरुजाखाली मोहरा आहेत. वर नाग बसला आहे, म्हणे! मग कुणी रात्री कुदळ घेऊन निघतो. कुणी भगताला गाठतो. भगत आधी कोंबडे मागतो, मग पैसे मागतो. पुरलेला हंडा काही निघत नाही. घरातला हंडा मात्र विकावा लागतो.

आज आम्ही तुम्हाला खजिना शोधायचा एक निराळा खेळ सांगणार आहोत. या खेळात कुदळ लागत नाही. भगत लागत नाही. दोनच गोष्टी लागतात. चालायला पाय आणि वाचायला अक्षरे. अक्षरे तर आता तुमच्याजवळ आहेतच.

खेळ कसा असतो?

या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. नाव परदेशी आहे, पण खेळ सोपा आहे. एकाने डबा लपवायचा. दुसऱ्याने तो शोधायचा.

आकाशात उपग्रह फिरत असतात. ते सारखी वेळ कळवत असतात. निदान चार उपग्रहांची वेळ ताडून मोबाइल आपली जागा काढतो. अमेरिकेने २ मे २००० रोजी ही जागा सर्वांना नेमकी कळू दिली. दुसऱ्याच दिवशी तिथल्या ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने रानात एक बादली ठेवली. तिची जागा लोकांना आकड्यांत कळवली. लोक ती शोधत आले. तिथून हा खेळ जगभर पसरला.

डब्यात सोनेनाणे नसते. एखादे खेळणे असते, पुस्तक असते. एक वहीही असते. त्यातले काही घेतले, तर त्याच तोलाचे काही ठेवायचे. वहीत आपले नाव लिहायचे. आणि मुख्य नियम ऐका. डबा जमिनीत पुरायचा नाही. शोधणाऱ्याने खणायचे नाही.

चला, चौल-रेवदंड्याला

हाच खेळ आपण मनाने खेळू या. रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या दक्षिणेला, समुद्रकाठी रेवदंडा आणि चौल ही गावे आहेत. नारळी-पोफळीच्या वाड्यांत ती झाकलेली आहेत. आपण रेवदंड्याहून निघू आणि उत्तरेकडे जाऊ. आमच्याजवळ चार चिठ्ठ्या आहेत.

चिठ्ठी पहिली: नाव माझे सात मजल्यांचे. मोजाल तर सात भरत नाहीत. मी कोण?

हा रेवदंड्याचा सातखणी मनोरा. खण म्हणजे मजला. आज त्याचे सातही खण उरलेले नाहीत. १५२१ साली अहमदनगरच्या निजामशहाने पोर्तुगिजांना इथे किल्ला बांधायची परवानगी दिली. त्यांच्या ख्रिस्ती मठाच्या देवळाचा हा मनोरा. १७४० साली ही जागा मराठ्यांकडे आली. आज तटाच्या आत लोकांची घरे आहेत, वाड्या आहेत.

अशा तटाखाली कुणी हंड्यासाठी खणले, तर काय होईल? पाया उघडा पडेल. पावसाचे पाणी आत शिरेल. मग एके दिवशी भिंत बसेल. खाली कुणाचे पोर खेळत असेल तर? दगडही जातो आणि माणूसही.

चिठ्ठी दुसरी: थंड मुलखातून आला, घोडा घेऊन आला. तो घरी पोचला नाही, त्याची वही पोचली. कोण तो?

हा अफनासी निकितीन. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. १४६९ च्या सुमारास तो चौलच्या बंदरात उतरला. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ साली. म्हणजे हा गडी त्याच्याही जवळजवळ तीस वर्षे आधी आला. विकायला त्याने एक घोडा आणला होता. जुन्नरच्या खानाने तो घोडा हिसकावून घेतला. पुढे एकाने रदबदली केली, तेव्हा तो परत मिळाला. गोरा माणूस पाहायला इथले लोक त्याच्या मागे मागे फिरत. लोक काय खातात, काय नेसतात, बाजारात काय विकतात, हे सारे त्याने लिहून ठेवले.

परतीच्या वाटेवर तो वारला. व्यापारात त्याने काय मिळवले, ते त्याच्याबरोबर गेले. वही मात्र मॉस्कोला पोचली. साडेपाचशे वर्षांपूर्वी आपला कोकण कसा दिसत होता, ते त्या वहीतून कळते. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे.

चिठ्ठी तिसरी: पाऊस रुसला की माझे तोंड उघडतात. मी कोण?

आता चौलात या. चौल हे फार जुने बंदर. अरब प्रवासी याला सैमूर म्हणत. मसूदी नावाचा अरब लेखक हजार वर्षांपूर्वी इथे येऊन गेला. इथल्या रामेश्वराच्या देवळापुढे मोठी पुष्करणी आहे. देवळात तीन कुंडे आहेत. अग्निकुंड, वायुकुंड आणि पर्जन्यकुंड. चिठ्ठीचे उत्तर म्हणजे पर्जन्यकुंड. एरवी ते बंद असते. पावसाने फारच ओढ दिली की ते उघडायचे, अशी परंपरा आहे.

कुंड उघडून पाऊस येतो की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. आम्हांला मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. कुंड कोणत्या साली उघडले, त्या साली लोकांनी टिपून ठेवल्या आहेत. त्यावरून मागे पाण्याची टंचाई कधी पडली, ते आज कळते. कुणी तरी दोन ओळी लिहिल्या, म्हणून कळते.

चिठ्ठी चौथी: मला तोंड नाही. तरी हजार वर्षे मी मराठी बोलतो आहे. मी कोण?

चौलाहून अलिबागच्या वाटेला लागा. नागाव मागे टाका. पुढे आक्षी लागते. या गावात अक्षरे कोरलेली जुनी शिळा आहे. तिच्यावर शके ९३४ ही साल वाचली गेली आहे. म्हणजे इ. स. १०१२. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत तिची गणती होते. वर्षानुवर्षे ही शिळा रस्त्याकडेला होती. शेजारून बैलगाड्या गेल्या, मोटारी गेल्या. माणसे तिला टेकून बसलीही असतील.

काय लिहिले आहे तिच्यावर? कोकणचा राजा केसीदेवराय याचे नाव आहे. त्याच्या प्रधानाचे नाव आहे. देवीच्या बोडणासाठी नऊ कुवळी धान्य नेमून दिले, असा त्याचा अर्थ लावतात. म्हणजे हा त्या काळचा दस्तऐवजच! कोणी दिले, कोणाला दिले, किती दिले. आपला सात-बारा कागदावर असतो. हा दगडावर होता. उद्या कुणी नाकबूल होऊ नये, म्हणून कोरला होता.

कोकणात अशा दानाच्या शिळा आणखीही आहेत. काहींवर गाढवाचे चित्र असते. दान मोडील त्याला ती शिवी असते. म्हणून त्यांना गधेगाळ म्हणतात. लोकांना वाचता येईना, तेव्हा त्यांचे काय झाले? कुठे शेंदूर फासून देव केला. कुठे अभद्र म्हणून टाकून दिले. कुठे पायरीला बसवले.

आक्षीची शिळा कुणी सोन्यासाठी उलथली असती, तर खाली मातीच मिळाली असती. ज्यांनी ती वाचली, त्यांना हजार वर्षांपूर्वीची मराठी मिळाली.

अक्षरांनी पोट भरते का?

कुणी म्हणेल, "अहो, पण अक्षरं खाऊन पोट भरतं का?" नाही भरत. पण अक्षरे नसली की भरलेले पोट दुसरा रिकामे करतो. न वाचता अंगठा दिला, म्हणून जमीन गेली, असे किती तरी घरांत घडले आहे. वाचणाऱ्याला फसवणे तितके सोपे नाही.

आता कायदाही वाचून ठेवा. जमिनीत सापडलेल्या धनाचा कायदा १८७८ सालचा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचे धन सापडले, तर कलेक्टरांना लेखी कळवावे लागते. लपवले तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. कळवले आणि धन बेवारस ठरले, तर शोधणाऱ्याला वाटा मिळतो. जागा दुसऱ्याची असेल आणि दोघांत करार नसेल, तर चारांतले तीन हिस्से शोधणाऱ्याचे, एक हिस्सा जागेच्या मालकाचा. म्हणजे लपवण्यात तुरुंग आहे आणि सांगण्यात वाटा आहे.

दुसरा कायदा महाराष्ट्राचा, २०१३ सालचा. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार आणि जादूटोणा करणे हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षे कैद होते. शिवाय ५,००० ते ५०,००० रुपये दंड होतो. भगत कोंबड्यावरून पुढे जाऊ लागला, की पोलीस पाटलांना गाठा. उशीर करू नका.

तुमच्या गावात खेळा

जत्रेला किंवा सुट्टीत पोरे घरी असतात. तेव्हा हा खेळ मांडा. मोबाइल नसला तरी चालेल.

१. गावातल्या चार जुन्या जागा निवडा. विहीर, देऊळ, पार, वेस, काहीही चालेल.

२. म्हाताऱ्या माणसांना त्या जागांची माहिती विचारा. ती लिहून घ्या.

३. प्रत्येक जागेची एक चिठ्ठी करा. उत्तर सांगू नका, ओळखायला लावा.

४. ज्याची जागा, त्याची परवानगी घ्या.

५. डबा भिंतीच्या भोकात ठेवू नका. तिथे विंचू-साप असतात. डबा पुरू नका.

६. जुन्या दगडावर रंग लावू नका, बाण काढू नका, नाव कोरू नका. नाव लिहायला डब्यात वही आहे.

७. अक्षरांचा दगड दिसला, तर तो हलवू नका, घासू नका. तहसील कचेरीत कळवा.

प्रश्न

१. निकितीनचे काय हरवले आणि काय टिकले?

२. आक्षीच्या शिळेला आम्ही दस्तऐवज का म्हटले?

३. नांगरताना नाण्यांचे मडके सापडले, तर तुम्ही काय कराल?

४. तुमच्या गावात अक्षरे कोरलेला दगड आहे का? आज जाऊन पाहा. त्यातले एखादे अक्षर ओळखता आले, तर वहीत उतरवून वर्गात आणा.