आठ साखरा आणि एक रक्तगट

लालबागच्या चाळींत, आणि आता त्याच जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांतही, अधूनमधून कुणीतरी पावडरचा डबा घेऊन येतं. शरीराला आठ अत्यावश्यक साखरा लागतात, रोजच्या जेवणातून त्यातल्या दोनच मिळतात, उरलेल्या सहा न मिळाल्यामुळे मधुमेह, संधिवात, कॅन्सर होतो आणि त्या सहाही या डब्यात आहेत, असं सांगितलं जातं. सांगणारा बहुधा ओळखीचा असतो, कुणाचा जावई किंवा मंडळातला जुना कार्यकर्ता. म्हणून लोक ऐकून घेतात, आणि घरात कुणी आजारी असेल तर महिन्याच्या किराणाएवढे पैसे मोजून डबा घेतात. माझी सगळी नोकरी परळच्या एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून झाली. डब्यावर ज्या साखरांची नावं असतात त्यांच्याशी माझा रोजचा संबंध होता. त्यामुळे शेजारच्या बायका विचारायला येतात, "काकू, घेऊ का हो?" त्यांना वेळोवेळी जे सांगत आले ते इथे एकत्र लिहिते.

१. नावं खरी आहेत

ग्लुकोज, गॅलॅक्टोज, मॅनोज, फ्यूकोज, झायलोज, एन-ॲसिटिलग्लुकोसमाइन, एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसमाइन आणि सियालिक आम्ल. ही यादी जीवरसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातलीच आहे. आपल्या पेशींवरच्या प्रथिनांना आणि मेदांना या साखरांच्या लहान लहान साखळ्या जोडलेल्या असतात, आणि पेशी एकमेकींना ओळखतात त्यात या साखळ्यांचा मोठा वाटा असतो. ए-बी-ओ रक्तगट ठरतो तो यांच्यावरच. तांबड्या पेशीवरच्या साखळीच्या टोकाला एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसमाइन असलं की ए गट, गॅलॅक्टोज असलं की बी. दोन्ही असली तर एबी, दोन्ही नसली तर ओ. एवढ्याशा फरकाने चुकीची बाटली चढली तर माणूस दगावू शकतो. सियालिक आम्लाचं काम वेगळं. त्याच्यामुळे तांबड्या पेशींवर ऋण भार राहतो आणि त्या एकमेकींना न चिकटता वाहत राहतात.

तेव्हा या साखरा महत्त्वाच्या आहेत यात वादच नाही. प्रश्न आहे तो त्या येतात कुठून हा.

२. उत्तराचा धागा परळातच आहे

१९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची नोंद प्रसिद्ध केली. शोध लागला तो परळला, शेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि के. ई. एम. रुग्णालयात. जगभर हा गट ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो. शहराचं नाव बदललं तरी गटाचं तेच राहिलं. मुंबईच्या परिसरात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो, युरोपात दहा लाखांत एखाद्याचा.

ए आणि बी यांच्या खाली एक पाया असतो, त्याला एच म्हणतात. त्याची ओळख म्हणजे टोकाला असलेलं फ्यूकोज, डब्यावरच्या यादीतली चौथी साखर. ओ गटाच्या माणसाच्या पेशीवर हा पाया उघडा असतो. बॉम्बे गटाच्या माणसाकडे पायाच नसतो, कारण फ्यूकोज जोडणारं विकर त्याचं शरीर बनवू शकत नाही. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं की असं होतं.

नेहमीच्या चाचणीत हा माणूस ओ म्हणून निघतो, आणि धोका तिथेच असतो. म्हणून आम्ही उलटी तपासणीही करायचो. रुग्णाच्या रक्तातला द्रव वेगळा काढून तो माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशींशी मिसळायचा. ओ पेशी कुणाच्याही द्रवात निवांत राहतात. त्या नळीत गोळे धरलेले दिसले की रात्रपाळीची झोप उडायची. या माणसाला ओ गटाचं रक्त चालत नाही, त्याचं शरीर ते फोडून टाकतं. चालतं ते फक्त बॉम्बे गटाचं. मग यादी काढून दात्यांना फोन सुरू व्हायचे. हे दाते कुठून कुठून येतात ते मी पाहिलं आहे. शेवटच्या लोकलने येणारे, कामावरून सुट्टी टाकून येणारे, ज्याला रक्त देणार त्याचं नावही न विचारणारे. त्यांच्याविषयी मला वाटणारा आदर शब्दांत मांडणं अवघड आहे.

नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "बाई, खाण्यात काही कमी पडलं का?" नाही, काहीच नाही. ही माणसं भावंडांबरोबर एकाच ताटातलं जेवून वाढलेली असतात. सख्ख्या भावाच्या पेशींवर ते टोकाचं फ्यूकोज आहे, यांच्या नाही. फ्यूकोज खाऊन हा गट बदलत नाही. आणि मुख्य म्हणजे तांबड्या पेशींवर ते फ्यूकोज नसूनही ही माणसं तुमच्याआमच्यासारखीच निरोगी जगतात. अडचण येते ती रक्त घ्यायची वेळ आली तरच. म्हणून घरात एक जण बॉम्बे गटाचा निघाला तर सगळ्या भावंडांची तपासणी करून घ्यावी. प्रत्येक सख्ख्या भावंडाचा तोच गट असण्याची शक्यता चारात एक असते, आणि अडीअडचणीला सर्वात जवळचा दाता घरातच सापडू शकतो. के. ई. एम.च्याच आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, १९५७ साली रक्तगटांचं संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली. अवघड नमुन्यांसाठी तिच्याइतकं जाणतं ठिकाण जवळपास दुसरं नाही.

३. जे शरीर स्वतः घडवतं ते विकत घ्यावं लागत नाही

सी जीवनसत्त्व बहुतेक प्राणी ग्लुकोजपासून स्वतः तयार करतात, माणसाला ते जमत नाही. म्हणून आवळा, लिंबू, पेरू, हिरवी मिरची खाल्ली नाही तर हिरड्यांतून रक्त येतं. अत्यावश्यक अन्नघटक तो हा. यादीतल्या साखरांचं तसं नाही. भात, भाकरी, डाळ, बटाटा यांतून ग्लुकोज मिळालं की निरोगी शरीर त्याच्यापासून बाकीच्या साखरा बनवून घेतं. अगदी उपास घडला तर यकृत प्रथिनांपासून ग्लुकोजही बनवतं.

काही बाळांना जन्मतःच गॅलॅक्टोज पचवता येत नाही. त्यांना आईच्या दुधासकट सगळं दूध बंद करावं लागतं. अशी मुलं गॅलॅक्टोज जवळजवळ न खाता मोठी होतात, तरी त्यांचं शरीर आतल्या आत गॅलॅक्टोज तयार करत राहतं. याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

अपवाद आहेत, तेही सांगायला हवेत. एका अतिशय विरळ आनुवंशिक आजारात मॅनोज पाजून मुलांना खरोखर गुण येतो, आणि दुसऱ्या एका तितक्याच विरळ आजारात काही मुलांना फ्यूकोजचा उपयोग झाला आहे. ते उपचार जनुकीय निदान झाल्यावर तज्ज्ञ डॉक्टर देतात. डब्यातल्या पावडरची गोष्ट वेगळी. अमेरिकेत टेक्सस राज्याने २००७ मध्ये अशा साखरांची पावडर विकणाऱ्या कंपनीवर खोट्या आरोग्यदाव्यांबद्दल खटला भरला होता. २००९ मध्ये तडजोड झाली आणि ग्राहकांचे पैसे परत करण्यासाठी रक्कम बाजूला काढावी लागली.

४. तरीही दादरच्या बाजारात पिशवी घेऊन जावंच

मॅनोज आणि गॅलॅक्टोज मेथीदाण्यात भरपूर असतात, गवारीच्या बियांतही. ओल्या खोबऱ्याच्या चोथ्यात मॅनोज असतं. झायलोज ज्वारी-बाजरीच्या कोंड्यात. एन-ॲसिटिलग्लुकोसमाइन जवळ्याच्या आणि सुकटीच्या सालपटात. फ्यूकोजसाठी विक्रेते तपकिरी समुद्रशेवाळाचं नाव घेतात. कोकणच्या खडकांवर ते वाढतं, पण आपल्यापैकी कुणी ते ताटात घेतलेलं मी पाहिलं नाही, आणि तरी मी तपासलेल्या जवळजवळ प्रत्येक नळीत फ्यूकोज होतंच.

गंमतीची गोष्ट अशी की या पदार्थांतल्या बहुतेक साखरा आपल्याला पचतच नाहीत, आणि त्यांचा फायदा नेमका त्यातच आहे. मेथीदाणा भिजला की बुळबुळीत होतो. तो बुळबुळीतपणा आतड्यातही टिकतो आणि जेवणातलं ग्लुकोज रक्तात सावकाश जातं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मधुमेहींवर मेथीदाण्यांचे अभ्यास झाले आहेत ते याचसाठी. न पचलेला तंतू पुढे मोठ्या आतड्यात जातो, तिथले उपकारक जिवाणू त्यावर जगतात आणि आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लं तयार करतात. गिरणगावातल्या खानावळवाल्या बाया कामगारांना भाकरी, आमटी, पालेभाजी आणि सुकटीची चटणी वाढायच्या. त्या ताटात हे सगळं होतं, आणि तेव्हा यातलं एकही नाव कुणाला ठाऊक नव्हतं. मात्र मेथी म्हणजे मधुमेहाच्या गोळीला पर्याय नव्हे. गोळ्या चालू असतील तर मेथीची पावडर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

५. साखरांचा खरा डबा बाळंतिणीकडे असतो

आईच्या दुधात लॅक्टोज असतं हे सगळ्यांना माहीत असतं. त्याखेरीज शंभराहून अधिक प्रकारच्या छोट्या साखरसाखळ्या असतात, त्यांत फ्यूकोज आणि सियालिक आम्लही असतं. बाळाला त्या पचत नाहीत. त्या असतात बाळाच्या पोटातल्या चांगल्या जिवाणूंसाठी, शिवाय काही रोगजंतू आतड्याला चिकटण्याआधीच त्यांना अडकतात. आई काय जेवते यापेक्षा तिची जनुकं हे मिश्रण ठरवतात. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती आशियातली पहिली. अपुऱ्या दिवसांच्या कितीतरी बाळांना तिथून दुसऱ्या मातांचं दूध मिळालं. घरात बाळंतीण असेल आणि पैसे खर्चायचेच असतील तर तिच्या जेवणावर आणि विश्रांतीवर खर्चा.

६. घोर करायचा तर एकाच साखरेचा

आठांतल्या सहा कमी पडतील म्हणून लोक घाबरतात, आणि जी जास्त होते तिच्याकडे बघत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, पाच टक्क्यांच्या आत असेल तर आणखी चांगलं. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. दिवसात चार चहा, प्रत्येकात दोन चमचे, की मर्यादा चहातच ओलांडली. पियूष, श्रीखंड, बाटलीतलं सरबत अजून बाजूलाच आहे.

रक्तात ग्लुकोज जास्त काळ वाढलेलं राहिलं की ते हिमोग्लोबिनला आपोआप चिकटतं. विकराने जागा ठरवून जोडलेली साखर वेगळी आणि ही भलत्याच जागी डकलेली वेगळी. एचबीएवनसी चाचणी तेच मोजते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून त्या आकड्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब दिसतो. तपासणीच्या आधी चार दिवस गोड सोडून उपयोग नाही.

गणपतीतले मोदक कुणी सोडावेत असं मी म्हणणार नाही. उकडीच्या मोदकात खोबरं आहे, तांदूळ आहे, वर्षातून मोजके दिवस आहेत. रोजचा चहा मात्र रोजचा आहे.

७. कॅन्सरच्या रुग्णाच्या पुढ्यातलं ताट काढून घेऊ नये

टाटा रुग्णालयाच्या बाहेर, आजूबाजूच्या धर्मशाळांत, गावाहून आलेल्या नातेवाइकांना कुणीतरी सांगतं की गोड आणि भात बंद करा म्हणजे कॅन्सर उपाशी मरेल. या समजुतीला पेट स्कॅनमुळे बळ मिळतं. त्या तपासणीत ग्लुकोजसारखा किरणोत्सारी पदार्थ देतात आणि गाठ तो भराभर ओढून घेते, हे खरं आहे. पण ताटातली साखर बंद केल्याने गाठीचं ग्लुकोज बंद होत नाही, यकृत ते पुरवत राहतं. खंगतो तो रुग्ण. केमो चालू असताना वजन उतरू न देणं फार मोलाचं असतं. त्या वेळी मऊ भात, दूध, शिरा, केळं, अंडं, जे पोटात टिकेल ते द्यावं. मधुमेह असेल तर आहारतज्ज्ञ प्रमाण ठरवून देतात. या एका गैरसमजापायी उपाशी राहिलेले रुग्ण पाहून माझा जीव तुटला आहे.

८. घरात एक साखर जीव वाचवते

१९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी ग्लुकोज आणि मीठ घातलेलं पाणी नातेवाइकांच्या हाती देऊन रुग्णांना पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज एकाच दारातून जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. जुलाबात बाकी सारं बिघडलं तरी हे दार बहुधा उघडं असतं.

पावसाळ्यात हिंदमाता आणि परळच्या सखल भागात पाणी तुंबतं, त्यानंतर जुलाबाचे रुग्ण वाढतात. घरात ओआरएसची पुडी ठेवावी आणि तीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावं. मीठ जास्त पडू देऊ नये. लहान मुलाला वाटीचमच्याने थोडं थोडं पाजावं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा पाजावं. लघवी बंद झाली, डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं किंवा शौचात रक्त दिसलं तर पाजत पाजतच रुग्णालयात न्यावं.