वनस्पतींतील सांधणारीं रसायनें व त्यांचा चकाकता पुरावा

गव्हाच्या बुटक्या जाती, द्राक्षघडांवर द्यावयाचें जिब्रेलिक आम्ल आणि २,४-डी हें तणनाशक, हीं तिन्ही आमच्या वाचकांच्या परिचयाचीं आहेत. या तिहींच्या मुळाशीं एकच तत्त्व आहे, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसेल. तें तत्त्व कोणतें व शास्त्रज्ञांनीं तें प्रत्यक्ष कसें पाहिलें, याचा विचार प्रस्तुत पाठांत करूं.

झाडाचें शरीर सूक्ष्म पेशींचें बनलेलें असतें व पेशींतील बहुतेक कारभार प्रथिनें चालवितात. दोन प्रथिनें परस्परांस चिकटलीं म्हणजे एखादें काम सुरू होतें किंवा थांबतें. परंतु खरेदीखत लिहून तयार असलें तरी सह्यांवांचून जसा व्यवहार पुरा होत नाहीं, तशा कित्येक जोड्या मध्यें एखादें लहानसें रसायन आल्यावांचून जुळत नाहींत. अशा रसायनास आपण सांधणारें रसायन म्हणूं. १९९३ सालीं अमेरिकेंत श्रायबर व क्रॅबट्री यांनीं असें रसायन मुद्दाम बनवून पेशींतील प्रथिनें आपल्या इच्छेप्रमाणें जोडून दाखविलीं.

आतां जोडी जुळली हें कळावें कसें? १९६२ सालीं ओसामू शिमोमुरा यांनीं समुद्रांतील एका जेलीमाशापासून एक प्रथिन वेगळें काढिलें. त्यावर निळा उजेड पाडला असतां तें हिरवें चकाकतें. १९९४ सालीं मार्टिन चाल्फी यांनीं त्याचें जनुक दुसऱ्या जीवांत घालून तेथेंही तो प्रकाश दाखविला. रॉजर त्सिएन यांनीं त्यास निरनिराळे रंग आणिले. तिघांस २००८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. दोन प्रथिनांस दोन रंगांचे असे दिवे बांधिले आणि तीं परस्परांच्या अगदीं लगत, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारें एक लक्षांश अंतराच्या आंत आलीं, म्हणजे एका दिव्याची शक्ति दुसऱ्यास मिळते व रंग पालटतो. तो पालट हाच जोडी जुळल्याचा पुरावा होय.

ही दृष्टि पिकांकडे वळवूं. झाडांत डेला नांवाचीं प्रथिनें वाढीवर लगाम ठेवितात. २००१ सालीं मोहरीच्या कुळांतील एका लहान रोपांत अशा एका प्रथिनास हिरवा दिवा जोडून जिब्रेलिन दिलें, तों थोड्याच तासांत पेशींच्या केंद्रांतील हिरवा प्रकाश मावळला. म्हणजे लगामच नष्ट झाला. २००५ सालीं जपानी संशोधकांनीं भातांत जिब्रेलिन धरणारें प्रथिन शोधून काढिलें. जिब्रेलिन त्यांत बसलें कीं तें डेलास चिकटतें व डेलाची विल्हेवाट लागते. नोरिन १० या जपानी गव्हाच्या वंशांत हेंच डेला बदललेलें आहे, हें १९९९ सालीं सिद्ध झालें होतें. तेथें सांधा नीट बसत नाहीं, म्हणून लगाम कायम राहतो, काडी आंखूड राहते व खत देऊनही पीक सहसा लोळत नाहीं. अशा गव्हास जिब्रेलिन दिलें तरी तो उंच होत नाहीं, याचें कारण हेंच.

ऑक्सिनचेंही तसेंच आहे. तें दोन प्रथिनांच्या मध्यें डिंकाप्रमाणें बसतें, हें २००७ सालीं दिसून आलें. २,४-डी हें त्याचेंच कृत्रिम सोंग होय. तें रुंद पानांच्या झाडांची वाढ बेताल करून त्यांस मारितें. पाण्याच्या ताणाच्या वेळीं पानांचीं छिद्रें मिटविणारें अॅबसिसिक आम्लही दोन प्रथिनें सांधूनच काम करितें, हें २००९ सालीं कळलें.

या विवेचनांतून कास्तकारानें दोन गोष्टी घ्याव्या. पहिली ही कीं, अशीं द्रव्यें अत्यल्प प्रमाणांत काम करितात. कपाशी २,४-डीस फार नाजूक आहे. म्हणून ज्या पंपानें तें फवारलें तो कपाशीस लावूं नये, व वारा वाहत असतां शेजारच्या शेताच्या धुऱ्यालगत फवारणी करूं नये. शेजाऱ्याचें पीक गेल्यावर पंचनामा झाला तरी हंगाम परत येत नाहीं. दुसरी ही कीं, लगाम एकदां सुटला म्हणजे अधिक औषध ओतून तो पुन्हां सुटत नाहीं. म्हणून द्राक्षांवरही ठरलेली मात्रा ठरल्या वेळींच द्यावी.